डॉक्टरांच्या गच्चीचा उतार

भिंतीवर नाण्याने दोनदा टकटक करायची, कान लावायचा आणि जवळपास कोणी बोलत असेल तर हात वर करून त्याला थांबवायचं. "जरा सबूर. तिला बोलू द्या." मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. वय सत्तरीपुढे, चष्मा जाड, आणि खिशात याच कामासाठी ठेवलेलं एक जुनं जाडजूड नाणं. नवी नाणी हलकी, त्यांच्यावर भिंत खरं सांगत नाही, असं त्यांचं मत होतं.

घर आमच्या समोरचं. बीडमध्ये पन्नासेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी ते बांधून घेतलं. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर थबकला असालच. सपाट छत, भिंतीपुढे तीन हात आलेला स्लॅब, रस्त्याकडे भिंतभर सिमेंटची जाळी आणि कुठेही नक्षी नाही. तेव्हा आजूबाजूला सगळी माळवदं, म्हणजे मातीच्या धाब्याची घरं होती. नकाशा काढला होता हैदराबादच्या एका आर्किटेक्टने. ते डॉक्टरांचे कॉलेजपासूनचे मित्र. बांधकाम मिस्त्रींच्या वडिलांचं. नवीन काम मागायला गेले की मिस्त्री एवढ्या वर्षांनीही तेच सांगत, "डॉक्टरांचं घर आमच्या बानं बांदलं."

डॉक्टर गेले. त्यांची मुलगी नोकरीतून निवृत्त होऊन पुण्याहून परत आली. गल्ली त्यांना ताई म्हणते; त्या डॉक्टरांना आप्पा म्हणत. त्यांना याच घरात राहायचं होतं, पण आजच्या सोयींनी. तपासणीच्या खोलीत झोपायची खोली आणि बाथरूम, स्वयंपाकघराची मधली भिंत काढून उजेड, नवी वायरिंग. अडचण छताची होती; ते वर्षानुवर्षं कडांना गळत होतं. स्लॅबच्या कडा सडल्या होत्या, गंजलेल्या सळया फुगून बाहेर आल्या होत्या. म्हणून मिस्त्रींना बोलावलं.

मी नुकताच वर्तमानपत्रातून निवृत्त झालो होतो. विचारण्याची सवय सुटली नव्हती. मिस्त्रींनाही ती होती. ताईंनी कमोड हवा म्हटलं, की "कावून?" "गुडघे दुखतात." "मग बरूबर हाय." कारण पटलं की वाद संपला. एसीसाठी जाळी विटांनी बुजवू म्हणणाऱ्या वायरमनला त्यांनी हाताला धरून जाळीमागे उभं केलं. "ही जाळी कावून हाय, ठावं हाय का बे? दुपारचं दहा मिनिटं हितं थांब. मंग तुजा एसी कुठं लावायचा ते सांग." एसी फक्त झोपायच्या खोलीत लागला.

तीन दिवस ते घर वाजवत होते. गच्चीचा मधला भाग मात्र त्यांनी वाजवला नाही. ते माझ्या लक्षात आलं.

"मधलं राहिलं, मिस्त्री."

"मदलं ठीक हाय."

"न वाजवताच?"

"पेपरवाले, उनात कावून उबे राहता? चला, चा पिऊ."

चौथ्या दिवशी एक तरुण इंजिनिअर आला. गच्चीवर फिरून म्हणाला, "चूक आर्किटेक्टचीच आहे. सगळं पाणी कडांवर सोडलंय. आणि अंगणाखाली तो हौद कशासाठी? त्यात पाणी येणार कुठून?"

"हौद कधी भरलाच नाही," ताई म्हणाल्या. "आप्पा त्यावरूनच मित्राशी भांडले. नंतर शेवटपर्यंत बोलले नाहीत."

इंजिनिअरचा सल्ला सरळ होता. घर पाडा, चार फ्लॅट होतील. ताईंनी गच्चीवरच ठरवलं, सोमवारी बिल्डरच्या कागदावर सही करायची. "आप्पाच याला फसलेलं घर म्हणायचे. मी तरी कशाला ओढत बसू?"

मिस्त्री पिशवीतून छन्नी-हातोडा काढून गच्चीच्या मध्यभागी जाऊन बसले आणि कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, फोडू लागले. टीचभर खाली शहाबादी फरशीचा एक तुकडा लागला. तो उचलला. खाली पाइपचं तोंड होतं, थेट हौदाकडे जाणारं.

"नक्शात पानी मधी यायचं व्हतं," ते म्हणाले. "आमच्या बानं बुजवलं."

त्यांच्या वडिलांनी जन्मभर माळवदं बांधली होती. माळवदाचं पाणी दगडी पन्हळीतून बाहेर पडतं. घराच्या पोटात पाणी घ्यायला सांगणारा नकाशा पाहून त्यांना वाटलं, शहरातल्या साहेबाच्या हातून उलटं काढलं गेलं. साहेबाची चूक चारचौघांत दाखवणं बरं नाही, म्हणून त्यांनी ती मुकाट्याने दुरुस्त केली. उतार बाहेर दिला, चारी बाजूंना पन्हळी बसवल्या. मिस्त्री तेव्हा विशीत होते. पाइपवर फरशी त्यांनीच ठेवली होती.

"बाला वाटलं, साहेबाची इज्जत राखली."

ताई म्हणाल्या, "आप्पांनी त्यांची पत्रंसुद्धा न उघडता परत पाठवली, मिस्त्री."

"ते ठावं न्हवतं, ताई."

"गळतंय हे तर माहीत होतं."

"व्हतं."

"मग का नाही बोललात?"

"बा जिता व्हता."

"त्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

मिस्त्रींनी आठवल्यासारखं केलं. "लई झाली."

इंजिनिअर हसला. ताई हसल्या नाहीत. "उतार फिरवता येईल?"

"समदा कोबा काडावा लागंल. कडा फोडून नव्या सळया घालाव्या लागतील."

"किती दिवस?"

"मला ऊन सोसल तवर."

सोमवारी सही झाली नाही.

कोबा ठोकण्याचं काम मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. इंजिनिअरने सुचवलेल्या नव्या रसायनाला त्यांनी "कावून?" विचारलं, पूर्ण उत्तर ऐकलं आणि ते वापरलं. काम संपल्यावर टँकरचं दोन पिंपं पाणी वर चढवलं. एका कडेला ओतलं. पाणी क्षणभर पसरलं, मग मध्याकडे निघालं. मिस्त्री उकिडवे होऊन त्याच्यामागे सरकत गेले. खालून, हौदाच्या झाकणापासून, ताईंचा आवाज आला, "आलं! आलं!"

मिस्त्री माझ्याकडे वळले. "पेपरात लिवू नका. आमी हाव तवर तरी."

तीन पन्हळी त्यांनी स्वतः उखडल्या. रस्त्याकडच्या चौथीला छन्नी लावली आणि थांबले. "ताई, ही एक राहू द्यावी का? आता हिच्यातनं काय यायचं न्हाई."

"राहू द्या," ताई म्हणाल्या.

मिस्त्री आता नाहीत. म्हणून हे लिहिलं. ताई त्या घरात राहतात, झाडांना हौदाचं पाणी घालतात. कधीमधी बाहेरगावचे आर्किटेक्चरचे विद्यार्थी टेप घेऊन येतात आणि त्या पन्हळीपाशी अडतात. सगळा उतार आत, मग ही इथे कशाला?

"ती मिस्त्रींच्या वडिलांची," ताई सांगतात.

वहीत काय लिहावं हे मुलांना कळत नाही. थोडा वेळ ती एकमेकांकडे बघतात, आणि मग तिचंही माप घेतात.