बुजगावण्याची निळी वही

जपानच्या इझुमो प्रांतात जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरचे देव सभेला उतरतात आणि तो सप्ताहभर गावाने आवाज करायचा नसतो. गाणे नाही, ठोकाठोक नाही. नखेसुद्धा कापायची नाहीत.

आमच्या गावात या मौनाचे पहारेकरी होते पुस्तकविक्रेते इतोहारा यासाबुरो. वय वर्षे एकाहत्तर. नियमभंग करणाऱ्याचे नाव, वेळ आणि आवाजाचा प्रकार ते चाळीस वर्षे एका निळ्या वहीत नोंदवीत आले होते. शिक्षा एकच: सप्ताह संपल्यावर देवळाच्या एकशे सव्वीस पायऱ्या झाडणे. गेल्या वर्षी समोरच्या टोफूवाल्या कात्सुबेबाईंच्या नावापुढे ‘शिंका, सलग चार’ अशी नोंद झाली होती. बाई ती विसरल्या नव्हत्या.

गावचा देव म्हणजे कुएबिको, शेतातले बुजगावणे. पाय एकच, चालता येत नाही. मात्र जगातले सगळे त्याला ठाऊक. समुद्रातून आलेल्या अंगठ्याएवढ्या देवाला कोणी ओळखेना, तेव्हा याने ओळखले. पुराणात त्याची कामगिरी एवढीच, एका ओळीची. ती ओळ यासाबुरोंना आयुष्यभर सलत होती. म्हणूनच, प्राचीन देवांवर मुलांसाठी बारा भागांची साहसमालिका येणार असे जाहीर होताच त्यांनी लेखिकेला तेवीस पोस्टकार्डे धाडली. प्रत्येकात मौनाचे नियम, वहीची माहिती आणि शेवटी ‘बुजगावण्यास विसरू नये’ ही विनंती. उत्तर एकाचेही आले नाही.

पहिल्या भागाचे प्रकाशन नेमके मौनसप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाला ठरले. आदल्या दिवशी पुस्तकांचे खोके आले. वेळेआधी ते उघडण्यास मनाई होती.

“अहो, प्रदक्षिणा पुरे,” पत्नी मित्सुए कुजबुजली. “त्यात देव नाही, पुस्तकं आहेत.”

“अगं, त्यात देव आहे की नाही, तेच तर कळत नाही!”

“आणि नसला तर?”

“अजून अकरा भाग आहेत.”

“आणि तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात.”

सकाळी एकतीस मुले बूट हातात घेऊन, मोजे घातलेल्या पायांनी रांगेत उभी राहिली. आनंद झाल्यास दोन्ही हात वर करावेत, तोंड मिटलेले ठेवावे, याची तालीम यासाबुरोंनी आधीच घेतली होती. समोरच्या उंबऱ्यावर कात्सुबेबाई चहाचा पेला घेऊन बसल्या होत्या. नजर मुलांवर नव्हे, यासाबुरोंवर.

चिकटपट्टी फाडताना कर्कश आवाज होतो, म्हणून त्यांनी ती ओल्या फडक्याने भिजवून सोडवली. गिऱ्हाईक आधी, या शिस्तीने पहिली प्रत नऊ वर्षांच्या कोझुएला दिली. ती तिथेच पाने चाळू लागली. थोड्या वेळाने तिचे खांदे गदगदू लागले आणि तिने टोपी तोंडात कोंबली. मागची मुले तिच्या पुस्तकात डोकावली. त्यांचेही तेच झाले. मग सगळी यासाबुरोंकडे पाहू लागली.

“आहे का गं तो?” त्यांनी कुजबुजत विचारले.

“आहे, आजोबा. पण...”

“पण काय?”

“तुम्हीच वाचा ना!”

अठ्ठेचाळिसाव्या पानावर देवांची सभा भरली होती. दारात एका पायावर बुजगावणे उभे होते, हातात वही घेऊन. “वादळदेव! दुसऱ्यांदा गडगडलात. नाव लिहितो. पायऱ्या झाडा!”

एक ओळ नव्हे, त्याला अकरा पाने मिळाली होती. यासाबुरोंनी ती मोजली, पुन्हा मोजली, आणि त्यांच्या पोटातून असे हसू उसळले की देवळावरची कबुतरे उडाली.

कात्सुबेबाई चवड्यांवर चालत रस्ता ओलांडून आल्या. “इतोहारासान,” त्या लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाल्या, “लिहू का मी?”

“नको. तुमचं अक्षर वाईट आहे.” त्यांनी स्वतःच लिहिले: इतोहारा यासाबुरो, दहा वाजून सतरा मिनिटे, हास्य.

“‘घोड्यासारखं’ राहिलं.”

ते खरे होते, म्हणून त्यांनी तेही लिहिले.

सप्ताह संपल्यावर ते पायऱ्या झाडू लागले, तेव्हा एकतीस मुले कडेला बसून एका सुरात ओरडत होती, “पायऱ्या झाडा!” आवाजाला आता बंदी नव्हती, त्यामुळे यासाबुरोंनी तक्रार केली नाही. घरी जाऊन त्यांनी चोविसावे पोस्टकार्ड लिहिले: ‘अत्यंत आभारी आहे. तथापि, चित्रातील वही लाल दिसते. ती निळी असावी. दुसऱ्या भागात दुरुस्ती व्हावी.’