त्याच्या नाक्यावर माझं कुलूप

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगते. शेवटी मी मन मोठं करीन म्हणून कोणी वाट बघू नये.

२०१५ साली मी डहाणूला कॉलेजात जात होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कासाच्या आतल्या बाजूला आमचा पाडा. तिथून नाक्यापर्यंत पायी तासभर. ती वाट मी सायकलने कापायचे, सायकल नाक्यावर लावायचे आणि बस धरायचे. सायकल आठवीत शाळेतून मिळालेली. आसपासच्या सगळ्या मुलींना तशीच मिळाली होती: तोच निळा रंग, तीच जाळी, मागच्या चाकाला तेच गोल कुलूप.

एफवायच्या परीक्षेआधी सायकल नाक्यावरून चोरीला गेली. तिथे एक माणूस दिवसभर ओरडून जीपमध्ये पॅसेंजर भरायचा. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मी काय तुझ्या सायकलचा वॉचमन आहे?"

वर्षभर मी चालले. मग एक दिवस तोच माणूस माझ्या सायकलवरून नाक्यावर आला. पुढच्या मडगार्डला पोचा होता, तो मीच पाडलेला, ओहोळाच्या कठड्याला धडकून.

"ही माझी सायकल आहे," मी म्हणाले.

"भाचीची आहे. तिलाही शाळेतून मिळाली. तुझं नाव लिहिलंय का?"

नाव नव्हतं. पावती नव्हती, शाळेने वाटलेल्या सायकलीची कसली पावती? पण चावी होती. वर्षभर मी ती बॅगेतून काढली नव्हती. चार माणसं जमली होती, त्यांच्यासमोर मी ऐटीत चावी लावली. कुलूप खट्कन उघडलं.

त्याने हसत माझ्या हातातली चावी घेतली. शेजारी शाळेच्या पोरींच्या दोन सायकली उभ्या होत्या. एकीला चावी लावली. उघडली. दुसरीला लावली. तीही उघडली.

"ही पण तुझी? आणि ती पण? बघा रे, कॉलेजात चोरी शिकवतात!"

सगळे हसले. शाळेत असताना मी स्वतः मैत्रिणींच्या सायकली याच चावीने उघडल्या होत्या, आणि नेमकं तेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने चावी माझ्या पायापाशी टाकली. मी वाकून उचलली. सायकल गेल्याचं एवढं लागलं नव्हतं, जेवढं ते वाकणं लागलं. ज्यांच्याकडून माझी आई मीठ-मिरची घेते, त्यांच्यासमोर मी चोर झाले होते.

दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून डहाणूत एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. बेत एवढाच: त्याच्या बुडाखालच्या सायकलला आपलं कुलूप ठोकायचं. मला नाही, तर तुलाही नाही.

दुकानदार काका अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलायचे. "बोल बेन, कसं पाहिजे?"

"स्वस्त. पण तुटायला नको."

"चोर अनोळखी की ओळखीचा?"

"ओळखीचा."

"तर मग नुसतं स्वस्त बघू नको. ओळखीचा सवडीने तोडतो."

आकड्यांचं कुलूप त्यांनीच बाजूला ठेवलं. ओढून धरून फिरवलं की ते उघडतं, म्हणाले. मग मी वायरचं जाडजूड कुलूप उचललं. "चोराकडे पकड आहे?" त्यांनी विचारलं. जीपवाल्यांकडे सगळंच असतं, मी म्हणाले. काकांनी वायरवरचं प्लास्टिक नखाने मागे सारलं. अंगठ्याएवढ्या कुलपाच्या आत सुतळीएवढी तार. "लोक वरचं प्लास्टिक बघतात. आत कोण बघतो?"

मी बघतच राहिले. मला माझ्या हँडलची उजवी मूठ आठवली. नववीत ती सैल होऊन फिरायची, म्हणून मी शाळेची लाल रिबीन दांड्याला गुंडाळून वरून मूठ ठोकून बसवली होती.

काकांनी सात लिव्हरचं साधं कुलूप दिलं, आणि म्हशी बांधायची जाड साखळी वजनावर. तयार कुलपापेक्षा स्वस्त पडलं.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम गर्दीच्या वेळी नाक्यावर गेले. त्याने लावून ठेवलेली सायकल साखळीने बसथांब्याच्या खांबाला जखडली आणि समोर शेंगा खात बसले. तो आला. साखळी ओढली. जीपमधून पकड आणली. पकड घसरली. मग ओरडला, "कोणाचं कुलूप आहे हे?"

"माझं."

"ए पोरी, उघड!"

"सायकल तुझ्या भाचीची ना? मग सांग, उजव्या मुठीखाली काय आहे?"

"काय असणार? दांडा."

"लाल रिबीन आहे. शाळेची. काढ मूठ, तुझ्याच हाताने काढ."

त्याने काढली नसती. पण मिरचीवाली मावशी म्हणाली, "काढ ना रे, घाबरतोस कशाला?" मग त्याला गत्यंतर उरलं नाही. मूठ घट्ट बसलेली, त्याने पकडीने ओढली. आत रिबीन जशीच्या तशी लाल होती.

आता हसणारे तेच होते, फक्त तोंडं त्याच्याकडे होती.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललास," मी म्हणाले, "आजही सगळ्यांसमोर बोल. चोर कोण?"

मी शेंगा सोलत राहिले. शेवटी तो जमिनीकडे बघत म्हणाला, "चुकलं, ताई. मी नेली होती. घेऊन जा."

मी चावी मुठीत ठेवली आणि चालत घरी गेले.

आठ दिवस सायकल तिथेच होती, मूठ काढलेली, रिबीन लोंबत. आठ दिवस तो तिच्या शेजारी उभा राहून पॅसेंजर भरत होता, आणि जीपमध्ये चढणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून मग त्याच्याकडे बघत होता. मी रोज तासभर चालत यायचे, त्याच्यासमोरून जाऊन बस धरायचे. पाय भरून यायचे.

बाबांना कळेना. "सायकल मिळाली ना? मग चालतेस कशाला?"

"तिचं नाक्यावर काम आहे," मी म्हणाले. "संपलं की आणते."