आखाजीचा ट्रॅकसूट

ये गं भाची, अशी जवळ बस. तू पुण्यात आणि मी इथं नंदुरबारला लिहितेय, तरी बस. काल फोनवर तू काय बोललीस? म्हणे, मामाला धंदा कळत नाही, ज्या खेळाडूंना आता कोणी विचारत नाही त्यांनाही कपडे पुरवतो. शिकलीस खूप, पण मामाला काही ओळखलं नाहीस. आता मधे बोलू नकोस.

हा तुझा मामा, माझा धाकटा भाऊ, आधी पत्र्याच्या खोलीत शाळांचे पी.टी.चे गणवेश शिवायचा. आता खेळाच्या कपड्यांचा कारखाना आहे. मी तिथं घड्या घालायला जाते, तेवढंच बोलायला माणसं मिळतात. तोरणमाळकडची एक पोर तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणी पळताना त्यानं पाहिली. तेव्हापासून तिचे कपडे, बूट, खुराक, बाहेरगावचा सराव, सगळं त्याच्याकडे. पोर पुढे देशाच्या मोठ्या शर्यती जिंकू लागली. असे आणखीही आहेत त्याचे, एक तिरंदाज, एक कुस्तीवाली. आखाजीला, म्हणजे तुमच्या पुण्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणीला साडी द्यावी तसा तो या सगळ्यांना नवा ट्रॅकसूट पाठवतो. मला साडी, त्यांना ट्रॅकसूट. वर मला चिडवतो, तुझी साडी शिवावी लागत नाही म्हणून तूच लाडकी.

मग त्या पोरीचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, ती डोंगरात घरी परतली. जाहिरातीत घेणारे, सत्काराला बोलावणारे, सगळ्यांचे फोन थांबले. आणि त्या आखाजीला आपलं पार्सल एसटीच्या कंडक्टरच्या हाती परत आलं. उघडलेलंसुद्धा नव्हतं. निरोप असा की मी आता धावत नाही, हे दुसऱ्या पोरीला द्या.

मी म्हटलं, बघ, किती प्रामाणिक पोर. भावानं पार्सल मांडीवर घेतलं. मग उठला आणि म्हणाला, "अक्का, चाल, तोरणमाळ जावानं शे."

घाटात मला मळमळायला लागलं, लिंबू चोखत कशीबशी वर पोहोचले. पोर अंगणात आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घालत होती. आम्हाला बघून उठली, पण गुडघा दाबत उठली. भावानं मान दुसरीकडे वळवली. तिच्या आईनं खाट टाकली, पाणी दिलं. बराच वेळ यंदाच्या कैऱ्यांवरच बोलणं चाललं. शेवटी त्यानं पार्सल पुढे केलं. ती घेईना.

"काका, मी परत धावलेच नाही तर?"

"मंग घालीसन बाजारले जाय," भाऊ म्हणाला. "हाई आखाजीनं कापड शे. जिंकणारीले नही, पोरले देतस."

 तिची आई उठली, भावाच्या हातातून पार्सल घेतलं आणि घरात नेऊन ठेवलं. पोर हसली आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

त्यानंतर गुडघ्याच्या व्यायामाला तिला डॉक्टरकडे न्यायची सोय भावानंच केली. पण परत कधी धावणार, हे एकदाही विचारलं नाही. मीच विचारायला गेले तर माझ्यावर डोळे वटारले.

पुढच्या आखाजीला ती आपणहून आली. अंगात तोच ट्रॅकसूट, हातात आमचुराची पिशवी. आमच्या दारातल्या झोक्यावर बसली आणि झोके घेता घेता सांगितलं, काका, सकाळी घाटात थोडं थोडं पळतेय.  भाऊ आत येऊन मला म्हणाला, तिच्या पुरणपोळीवर तूप जास्त घाल.

गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा मोठ्या शर्यतीत उतरली. तिसरी आली. भावानं कारखान्यात सगळ्यांना जिलेबी वाटली, आणि मला सांगतो कसा, पहिली आली असती तरी एवढीच वाटली असती.

यंदाही सगळ्यांची पार्सलं मी बांधून ठेवलीत. ती धावणारीही येणार आहे. तुझ्या साडीची घडीही फळीवर आहे, पण ती मी कुरिअरनं पाठवणार नाही. सुट्टी काढ, आखाजीच्या आधीच ये, आणि मामाच्या हातून घे.