साडीत काय वाजतंय?

आमच्या सुरतच्या साडी-डिझाइन स्टुडिओत किस्से चिंध्यांसारखे साठतात. फेकवत नाहीत, आणि घरी नेऊन सांगावेत तर घरी ऐकायला भिंती! म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्याकडे एक रीत आहे. नवं डिझाइन छापून आलं की सगळ्यांनी गोल उभं राहून सांगायचं, यात काय वाजतंय? शेठचं एकच म्हणणं, "वागे ते वेचाय!" वाजेल ते विकेल. नाही वाजलं तर डिझाइन कपाटात.

*

माझं पहिलंच डिझाइन. लालभडक. शेठनी कानावर हात ठेवले. "बेन, आमां ढोल बहु छे. थोडी वांसळी नाखो ने!"

ढोल कमी, बासरी जास्त. मी लाल कमी करून आकाशी घातला.

"हवे बराबर!" आता जमलं म्हणे.

*

जिग्ना माझ्या शेजारी बसते. दिवसभर हेडफोनवर गरबा. एकदा तिला सरळ पट्ट्यांची साडी दिली. संध्याकाळपर्यंत सगळे पट्टे गोल फिरायला लागले होते!

शेठ म्हणाले, "आने पट्टा नवरात्रि पछी आपजो." हिला पट्टे नवरात्र संपल्यावरच द्या!

*

कला सुधारावी म्हणून मी शास्त्रीय गाण्याला गेले. सवयीनं दोन तिकिटं काढली. शेजारच्या खुर्चीवर पर्स बसली. ती जागी होती, मी झोपले.

दुसऱ्या दिवशी जिग्नानं विचारलं, "गाणं कोणत्या रंगाचं होतं?"

"मरून."

"वाह!"

तिला काय सांगू, तो पुढच्या खुर्चीचा रंग होता!

*

पांडेसऱ्याच्या छपाईच्या मिलमध्ये भिलाआप्पा आमचे कलर मास्टर. पक्के खानदेशी. एकदा म्हणाले, "ताई, हाऊ हिरवा बेसूर शे."

मी म्हटलं, "आप्पा, कॉम्प्युटर तर बरोबर म्हणतोय."

"कॉम्प्युटरले कान शेतस का?"

*

मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि माझ्या डिझाइनमधलं वाजणंच बंद झालं. ओळीनं चार कपाटात! पाचवं तरी कुणाला ऐकू येऊ दे, एवढंच मागत होते. साडीची जमीन राखाडी, तिच्यावर दोन पांढरे ठिपके, मग बरीच मोकळी जागा, परत दोन ठिपके.

"बोलो, शुं वागे छे?" शेठनी विचारलं.

जो तो वाकून कापडाला कान लावायला लागला. जिग्नानं तर हेडफोनसुद्धा काढून पाहिला. मी आपली हसत उभी.

सँपल घेऊन आलेले आप्पा पुढे झाले. ठिपक्यांवरून बोट फिरवायला लागले. दोन ठिपके, थांबले. दोन ठिपके, थांबले.

"ट्रिंग ट्रिंग... फोन वाजी ऱ्हायना," ते म्हणाले. "कोणी उचली नही ऱ्हायनं."

सगळे टाळ्या देत हसले. शेठ म्हणाले, "पास!"

आप्पा मात्र कापड सोडेनात. "उचल ना, ताई."

"मी कशी उचलू, आप्पा? फोन लावणारी तर मीच आहे!"