पखालीचा हेला हायवेवर

एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "कंपाउंड फ्रॅक्चर आहे." म्हणजे हाड नुसते मोडलेले नसते, त्याचे टोक कातडी फाडून बाहेर आलेले असते. माझ्या उजव्या पायाचे गुडघ्याखाली तसे झाले होते. जखमेत रस्त्याची माती आणि खडी होती. मग डॉक्टरांनी विचारले, "सोबत कोण आहे?"

सोबत कोणी नव्हते. मला बीडला आणून सोडणारा ट्रकवाला माझे हेल्मेट खाटेखाली ठेवून निघून गेला होता. लग्न केलेले नाही, आईवडील नाहीत. संमतीच्या कागदावर नातेवाइकाच्या जागी मीच सही केली.

ज्यांच्यावर ही वेळ येऊ शकते, त्यांच्यासाठी आधी कारण लिहितो.

दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. माजलगावचे धरण तळाला गेले होते. दिंद्रुडला आमच्या गल्लीत टँकर येई, पण त्याचा भरवसा नसे. गल्लीत मोटारसायकल माझी एकट्याचीच उरली होती. बाकीच्या गाड्या माणसांबरोबर चारा छावणीवर किंवा लांबच्या कारखान्यांच्या ऊसतोडीवर गेल्या होत्या. रोज सकाळी दोन्ही बाजूंना कॅन बांधून मी शिवारातल्या विहिरीवरून गल्लीतल्या घरांसाठी पाणी आणत असे. त्या ओझ्याखाली मागचा टायर एका दगडावर कापला गेला. पंक्चरवाल्या रशीदभाईंनी कापलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा बसवला आणि हवा कडक भरली. त्या वर्षी पाणी वाहणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या टायरांत असे तुकडे होते.

"आता ही गाडी न्हाई, पखालीचा हेला हाय," रशीदभाई म्हणाले. "हेला कुनी पळवतंय का?" पूर्वी पाण्याची कातडी पखाल रेड्याच्या पाठीवर वाहत, तो हेला. दुकानापुढचे सगळे हसले. मीही हसलो.

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. त्या दिवशी सहकारी साखर कारखान्याची सभा होती. शिवारात ऊसच नाही, तर यंदा गाळप सुरू करायचे की नाही, एवढाच विषय. पाणी आणून निघायला उशीर झाला. रिकामे कॅन गल्लीत उतरवले आणि त्याच गाडीने नव्या रुंद रस्त्याला लागलो.

गावच्या वाटेवर हळू चालताना असा टायर बरेच दिवस निभावतो. वेगात तसे होत नाही. आतला तुकडा ट्यूबवर घासत राहतो, टायर तापतो, रस्ता आधीच तापलेला असतो. आवाज फार मोठा झाला नाही. आधी गाडीचा मागचा भाग डोलू लागला. मी सवयीने मागचा ब्रेक जोरात दाबला. अशा वेळी तो दाबायचा नसतो. हॅन्डल दोन्ही हातांनी सरळ धरायचे, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. माझे चाक जागेवर अडकले आणि गाडी आडवी झाली. हेल्मेटवर कानापासून हनुवटीपर्यंत ओरखडा आहे. डोके शाबूत राहिले ते त्यामुळे.

आमच्याच दैनिकात तीन ओळी आल्या: दुचाकीवरील नियंत्रण सुटल्याने एक जण जखमी. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने भाकरी बांधून आणलेल्या कागदावर मी ती बातमी वाचली. सभेची बातमी वरच्या बाजूला होती. गाळप होणार नव्हते.

पायाला एक्स्टर्नल फिक्सेटर बसवला. म्हणजे हाडात सळया घालून त्या बाहेरून दांड्याने जोडतात. जखम उघडी राहते आणि धुता येते. ड्रेसिंगच्या वेळी नर्स म्हणे, "सोबतच्यांना बोलवा, पाय धरायचाय." शेजारच्या म्हाताऱ्याची सून उठून येई. ती नारायणगडाकडची होती. एकदा तिने विचारले, "तुमचं मानूस कावून येत न्हाई, दादा?" मी म्हणालो, येतील.

मग ताप चढला. जखमेतला पू कल्चरला गेला, म्हणजे त्यातले जंतू कोणते आणि त्यांना कोणते औषध लागू पडते, याची तपासणी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "हाडात इन्फेक्शन पसरलं, तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल." रिपोर्ट येईपर्यंत मी वॉर्डाच्या दाराकडे पाहत पडून राहिलो. भेटायची वेळ झाली की दार सारखे हलत असे. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाच्या तरी खाटेकडे माणसे वळत. गल्लीतली घरे मी मनात पुन्हा पुन्हा मोजली. प्रत्येक घरी माझ्या गाडीचे पाणी गेले होते.

औषध लागू पडले. ताप उतरला. पाय राहिला.

कुबड्या घेऊन जीपमधून गावात उतरलो. गल्लीच्या तोंडाशी टँकरसाठी ड्रमांची रांग होती. त्यात माझा निळा ड्रम होता, पुढून चौथा. शेजारच्या कौसाबाई, सत्तरीच्या, रांगेशेजारी दगडावर बसल्या होत्या. बीडला कोणीच का आले नाही, असे मी विचारले. आवाज चढला असावा.

"टँकर कवा येतोय त्याचा नेम हाय का?" त्या म्हणाल्या. "हितून मानूस हललं की ड्रम मागं जातो. तुमचा ड्रम येकदा निगाला आसता तर पुन्ना कुनी लावू दिला न्हसता. आमी पाळीनं बसलो, बाबा."

मी विचारले, मग भरलेले पाणी?

"पानी आमीच पिलो," कौसाबाई म्हणाल्या. "नंबर तुमचा ऱ्हायला."

आता मागचा टायर नवा आहे. तुकडा घातलेला जुना टायर गल्लीच्या हातगाड्याला लावलाय. तो हायवेवर जाणार नाही. तुमच्या टायरात असा तुकडा असेल, तर तुम्हीही त्या टायरवर मोठ्या रस्त्याला लागू नका.

फिक्सेटर काढायला बीडला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा विचारले, "सोबत कोण आहे?"

"आहेत," मी म्हणालो. "रांगेत बसलेत."