गार्डमामांचे कॉफीयंत्र

गार्डमामा कॉफी दळत असले की त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही. मांडीत लाकडी पेटी, तिच्या डोक्यावर लोखंडी वाटी, वाटीत भाजलेल्या बिया आणि उजव्या हातात दांडा. पोस्टमन आला तरी उंबऱ्यात थांबायचा. दळण संपले की मामा पेटीचा खालचा खण ओढायचे, पूड नाकाशी न्यायचे आणि मग म्हणायचे, "हां, बोला आता."

ते रेल्वेत गार्ड होते. बरीचशी नोकरी सिकंदराबादेकडे झाली, तिथेच ही सवय लागली. निवृत्त झाल्यावर एकटेच हिंगोलीत, स्टेशनजवळ राहायला आले. मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हते. त्यांची आणि आमची एक भिंत सामाईक. नव्वदच्या सुमारास मला हिंगोलीत नोकरी लागली, मी धाकट्या बहिणीला, सुमनला, शिकायला इथे आणले, तेव्हापासूनचा हा शेजार. मी हिशोबाने बोलणारा माणूस आहे, म्हणून आधीच सांगतो, ती कॉफी मला कधी आवडली नाही. सुमनला आवडायची. रोज कॉलेजला जाताना ती अर्धा कप पिऊनच जायची.

यंत्राला दुसऱ्याचा हात चालत नसे आणि दुसरा दाणाही. समोरच्या काकूंनी एकदा मिरे दळायला मागितले, तर मामा म्हणाले, "काकू, ही पॅसेंजर हाय, मालगाडी न्हाई." काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. मामींनी तरी कधी हात लावला होता का, असे सुमनने विचारले तेव्हा उत्तर आले, "लावला म्हणून तर दांडा वाकडा हाय."

पुढे सुमनचे लग्न ठरले. आईवडील नव्हते, सगळे माझ्यावर होते. आमच्यात लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळतात. खुंट्याला हळकुंड बांधून पाच सवाष्णी बसतात. गावाहून आत्या आली होती. जाते आईच्या हातचेच पाहिजे, असा तिचा हट्ट. ते वारंग्याजवळच्या आमच्या गावाहून जीपच्या टपावर बांधून निघाले आणि कळमनुरीच्या पुढे खड्ड्यात दोर सुटला. वरच्या पाळीचे, म्हणजे फिरत्या दगडाचे, दोन तुकडे घेऊन जीप दारात आली.

आत्या ओसरीवरच बसली. अपशकुन झाला, तारीख पुढे ढकला, एवढेच तिचे चालले होते. काकू आपले जाते द्यायला तयार होत्या, पण एक फुटले त्या दारात दुसऱ्या घरचे आणू नये, म्हणून आत्या ते उंबऱ्याच्या आत येऊ देईना. तारीख हलली तर मुलाकडचे थांबतील याची मला खात्री नव्हती. त्यांच्याकडे दुसरे स्थळ सांगून आले होते. सुमनलाही ते ठाऊक होते. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

तेवढ्यात मामा यंत्र घेऊन आले. "आत्याबाई, हे बी जातंच हाय."

"त्या डब्याला पाळ्या कुठं हायत?"

मामांनी दांडा काढला, आतली दोन दातेरी चाके तिला दाखवली. "खालची उभी, वरची फिरते. दाणा वरून, पीठ खाली. जात्याला अजून काय लागतं?"

"पण हाय तर दुसऱ्या घरचंच."

"भिंत एकच हाय."

आत्याने वरचे चाक बोटाने फिरवून पाहिले. मग म्हणाली, "बांधा हळकुंड."

मी मामांना बाजूला घेतले. हळकुंड दगडासारखे असते, कितीही बारीक फोडून घातले तरी दाते राहायचे नाहीत, आणि वास तर जन्मात जाणार नाही, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मला काहून शिकवतो? कॉफी पिवळी झाली तर चालंल. पोरगी पिवळी झाली पाहिजे."

काकूंनी खलबत्त्यात हळकुंडे कुटून दिली. सवाष्णींनी दांडा धरून पाहिला, पण पेटी कोणाच्याच मांडीत टिकेना. शेवटी पाच बायकांच्या मधोमध मामाच दळायला बसले. काकूंना मिऱ्यांचा राग काढायला संधी मिळाली. नुसते दळण चालत नाही, ओवी म्हणा, म्हणून त्यांनी मामांना अडवले. दळताना अवाक्षर न काढणाऱ्या या माणसाने खाकरून गळा साफ केला आणि ओवीच्या चालीवर हिंगोलीच्या वाटेवरची स्टेशने सुरू केली, "पूर्णा गं वसमत, चोंढी गं बोल्डा..." नांदापूर येईपर्यंत बायका हसून लोळत होत्या. हिंगोली आल्यावर आत्यानेच पुढची ओवी उचलली. सुमन दाराआडून बाहेर येऊन बसली.

लग्न ठरल्या तारखेला लागले.

यंत्राचे दाते बोथट झाले ते झालेच. पूड भरड पडू लागली आणि कॉफीला पिवळट झाक आली. हैदराबादहून नवी चाके मागवून देतो, असे मी दोनदा म्हणालो. मामा ऐकले न ऐकलेसे करत. पुढे दहाएक वर्षे, अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत, ते तीच कॉफी पीत होते. एकदा सिकंदराबादचा त्यांचा जुना सोबती आला, एक घोट घेऊन थांबला आणि कॉफीला हा कसला वास, म्हणून विचारू लागला.

मामांनी त्याचा कप पुन्हा भरला. "आमच्या पोरीच्या लग्नाचा," म्हणाले.