सिनेटरचं भाषण

समजा, तीनशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी शोकनाटक तुमच्यापुढे आहे. त्यातला रोमन सिनेटर मरण्याआधी हुकूमशहाला खडे बोल सुनावतो. ते मराठीत आणायचे आहेत. एखादा शब्द आजच्या कुणाला झोंबेल असं वाटतं. बदलावा तर भाषण मिळमिळीत होतं. काय कराल?

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावची गिरिजा सहा महिने हेच करत होती. दिवसा ती एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि उरलेल्या वेळात तिथल्या मराठी मंडळासाठी आयुष्यातलं पहिलं नाटक लिहायची. त्या काळचे लेखक लंडनच्या राजकारणाला रोमन झगा का चढवत, हे तिला वाचता वाचता उमगलं. गंमत म्हणजे, कधी कधी एकाच संवादाला दोन्ही पक्ष टाळ्या देत. ज्याला त्याला हुकूमशहा समोरच्यांचाच वाटे.

मंडळातल्या पहिल्या वाचनाला उलटं झालं.

"हा आमच्या नेत्याला टोमणा आहे," रत्नामावशी म्हणाल्या.

"छे, आमच्याला आहे," दुसऱ्या पक्षाचा राजेश म्हणाला.

भाषण कापा, यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

सिनेटरचं काम करणारे अनिलकाका अडून बसले. "एक ओळ कापू देणार नाही. चाळीस वर्षं सिटिझन आहे मी. मला कोण काय करतंय?"

"तुम्हाला नाही हो, काका," गिरिजा म्हणाली. तिच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन दोन महिने अडकलं होतं, आणि प्रयोग तिच्या नावानिशी यूट्यूबवर जाणार होता.

घरी नवरा, सुशांत, म्हणाला, "भाषण काढ यार. ते व्हिसावाले हल्ली नेटवर काय काय बघतात, कुणाला ठाऊक."

"मग नाटकात उरतं काय?"

"तुझं नाव उरतं. तुझ्या आईंनी नागपुरात अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय."

सोमवारी जाहिरातीचा मजकूर गेला. भाषण राहिलं, नाव गेलं. लेखक : मंडळाचे एक सभासद. आई फोनवर एवढंच म्हणाली, "बरं." त्यानंतर ती बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिली.

शनिवारच्या तालमीत अनिलकाका कडाडले, "हे मी माझ्या नावानिशी बोलतो आहे!" गिरिजाने मान खाली घातली. मूळ पुस्तकावरही लेखकाचं नाव नव्हतं. ही ओळ लिहिताना त्या माणसाला काय वाटलं असेल?